अर्धा श्वास

"भन्तेजी, वेदना येते तशी जाते, असंच ना?"

उत्पला रामटेकेने डोळे न उघडताच विचारलं. पवनीजवळच्या विहारात सकाळचं ध्यान चाललं होतं. तिला सातवा महिना होता. आणि जन्मापासूनचा सिकलसेल, रक्ताचा आजार.

"कुठं दुखतं?" शीलबोधी भन्तेंनी हळूच विचारलं.

"छातीत. पहाटेपासून."

"विश्वदीपला सांगितलंस?"

"नाही जी."

तिचा नवरा बाहेर अंगणातच बसला होता.

हाडं ठणकायची तिला लहानपणापासून सवय. दात आवळून पडून राहायची, आईलाही कळू द्यायची नाही. विहारात येऊ लागल्यावर या सवयीला नाव मिळालं. सहनशीलता. मनातून तिला त्याचा फार अभिमान होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, ताप आला, छातीत दुखलं की त्याच पावली यायचं. ते तिने ऐकून घेतलं होतं, एवढंच.

"श्वासाकडे बघ," भन्ते म्हणाले.

तिने बघितलं...

"अर्धाच येते, भन्तेजी."

"पूर्ण घे."

"घेता येत नाही. आत टोचते." ती कशीबशी हसली. "पण चालेल. मी अर्धाच बघते."

भन्तेंनी तिचा चेहरा पाहिला. ओठ पांढरेफटक. कपाळावर घाम, आणि तरी अंगात हुडहुडी.

त्या विहारात कोणी कधी भन्तेंचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"विश्वदीप! गाडी आण!" ते ओरडले. "आत्ता!"

साऱ्यांचे डोळे उघडले. उत्पला शरमून गेली.

"माझ्यापायी सगळ्यांचं ध्यान मोडलं जी..."

"ऊठ."

ती उठायला गेली आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

भंडाऱ्याला पोचताच ऑक्सिजन लागला. रक्त चढवलं. बाळाचे ठोके घसरत होते, सावरत होते, पुन्हा घसरत होते. विश्वदीप दाराशी नुसता उभा. संध्याकाळपर्यंत थांबली असती तर, असं म्हणून मॅडमनी पुढचं वाक्य टाळलं.

ठोके स्थिरावल्यावर भन्ते भेटायला आले. उत्पलाने पडल्या पडल्याच हात जोडले.

"बाळ ठीक आहे म्हणतात. पण मी हरले, भन्तेजी. वाटभर ओरडत आले."

भन्ते स्टूल ओढून खाटेजवळ बसले.

"मग इतकी वर्षं मी शिकले, ते काय होतं?"

भन्तेंनी तिच्या पोटावर लावलेल्या, बाळाचे ठोके टिपणाऱ्या यंत्राकडे बोट केलं.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "आधी ओरड."