राजेसाहेबांच्या गवसणीची जोडी

"आठ दिवसांत हिच्या जोडीची दुसरी आण. एका ओरखड्याचाही फरक दिसला, तर सामान बांध आणि तबेल्यामागची खोली रिकामी कर."

असं म्हणून मोरवंडीच्या राजेसाहेबांनी एक चामड्याची गवसणी भिवा जीनगराच्या हातात ठेवली. बंदूक आत घालून घोड्याच्या खोगिराला बांधतात ना, ती. मल्हारशेट नावाच्या व्यापाऱ्याने आणलेली. म्हणे, राजेसाहेबांच्या आजोबांची, सात लढाया पाहिलेली! किंमत पाचशे रुपये, अजून द्यायचे बाकी. शेटच म्हणाले होते, अशांची जोडी असली तर शौकीन लोक पाच हजारही मोजतात. झालं! जुन्या लष्करी चामड्याचं राजेसाहेबांना आधीच वेड. आता जोडी टांगून शेजारच्या संस्थानिकाला जळवल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागेना.

भिवा घरी येऊन मटकन बसला. "चामडं कापीन, शिवीन. पण सात लढाया कुठून आणू?"

त्याची बायको गोजरा भाकरी थापत होती. हात धुऊन तिने गवसणी घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली, नाकाला लावली आणि गालात हसली.

"तुम्ही शिवा. लढायांचं मी बघते."

"तू कधी गेली होतीस गं लढाईला?"

"तुमच्या आईच्या हाताखाली पंधरा वर्षं काढली की."

भिवा सुईत दोरा ओवून शिवायला बसला.

नवव्या दिवशी दरबारात दोन्ही गवसण्या शेजारी शेजारी ठेवल्या. राजेसाहेबांनी भिंग लावून पाहिलं. तोच रंग, तेच ओरखडे. शेवटी ते वैतागले. "शेट, तुमची कुठली?"

मल्हारशेटांनी दोन्ही चाचपल्या आणि रुबाबात एक उचलली. "ही, सरकार. अस्सल माल डोळे मिटून ओळखतो आम्ही."

"शेट, ती माझी," गोजरा म्हणाली.

राजेसाहेब थक्क झाले. "अगं बाई, आठ दिवसांत सात लढाया केल्यास कशा?"

"शेटजींनी केल्या तशाच, सरकार. विटेच्या तुकड्याने घासलं, रंग जुना दिसायला हिरड्याचं पाणी पाजलं."

"खोटं!" शेट ओरडले. "माझी घोड्यावरून फिरलेली आहे."

गोजराने शेटची गवसणी पालथी केली. "सरकार, घोडा पळाला की ही बाजू त्याच्या अंगाला घासते. आधी हीच झिजायची. इथे बघा, पुढून सात लढाया आणि मागून नवी नवरी."

राजेसाहेबांनी बोट फिरवलं. कोरं, गुळगुळीत चामडं! त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आमचे आजोबा लढले नाहीत?"

"लढले असतील की. घोडा शेजारून पळत असेल."

राजेसाहेबांनी ओठ दाबले आणि गोजराची गवसणी उलटली. मागची बाजू चांगली झिजलेली, टाक्यांत राखाडी केससुद्धा अडकलेले. "मग ही कुठल्या घोड्यावर होती?"

"घोडा कोण देतंय आम्हाला? शिवून झाल्यावर सहा दिवस कुंभाराच्या गाढवाला बांधली होती, सरकार. लढाई नाही, पण माती बरीच वाहिली तिने."

राजेसाहेब एवढे हसले, की पगडी कानावर आली. शेटचे पाचशे त्यांनी गोजराच्या ओंजळीत घातले, खोली कायमची भिवाच्या नावावर केली आणि गाढवाची गवसणी स्वतःच्या हाताने सिंहासनामागे टांगली.

"शेट, तुमची घरी न्या," डोळे पुसत ते म्हणाले. "आमच्याकडे वापरलेलाच माल ठेवतात."