रिकाम्या स्टुलासमोर

"आणखी किती मंगळवार, बाई?"

आमोसने विचारलं खरं, पण नजर हातातल्या यादीवर होती. कारागृहाच्या मुलाखत-खोलीत मार्थाबाई ओहोळ बाकावर ताठ बसल्या होत्या. समोर लोखंडी जाळी. जाळीपलीकडचं स्टूल रिकामं.

मार्थाबाई चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या. तुरुंगातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांना भेटायला त्या बावीस वर्षं येत होत्या. आमोस पारखे धर्मशिक्षण संपवून नुकताच त्यांच्या हाताखाली कामाला लागला होता. आता शिकण्यासारखं फारसं उरलं नाही, असं त्याला वाटू लागलं होतं.

कुणाकुणाला भेटायचं, ती नावं दर तीन महिन्यांनी कार्यालयात द्यावी लागत. आज शेवटचा दिवस होता. सगळी नावं लिहून झाली होती. फक्त नवनाथच्या नावापाशी आमोसचं पेन थांबलं होतं; समोरच्या स्टुलावर तो एकदाही येऊन बसला नव्हता.

नवनाथला दुसरं कुणीच भेटायला येत नसे. यादीतून नाव गेलं, की बराकीत भेटीसाठी होणारा त्याच्या नावाचा पुकाराही बंद होणार.

घुगे हवालदार आत आले.

"नाही येत म्हणतो, बाई. वर म्हणतो, म्हातारीला सांगा, गुडघे दुखतात तर घरी बसावं."

"माझे गुडघे दुखतात, हे त्याला कुणी सांगितलं?"

"खिडकीतून बघतो की! तुम्ही फाटकातून लंगडत येता ते."

बाई खुदकन हसल्या. आमोसला मात्र हसू आलं नाही.

"तेरा मंगळवार झाले बाई, आणि वर हा उद्धटपणा!"

"धरून आणू का?" घुगे म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"आणाच," आमोस म्हणाला. "एकदा समोर बसला, की चार चांगले शब्द कानावर तरी पडतील."

"नको," बाई म्हणाल्या. "वेळ किती उरलाय, घुगे?"

"बारा मिनिटं."

"मग बसते मी."

घुगे दाराशी जाऊन उभे राहिले. बाईंनी पदर सारखा केला आणि पुन्हा त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिल्या. कुणीतरी बसलं असावं, तशा.

आमोसला राहवेना.

"बाई, रागावू नका. पण माझी सहाही मुलं येतात. एक मंगळवार चुकवत नाहीत. गीतं पाठ झालीत त्यांची. परवा तर एक जण रडला."

"छान झालं. त्यांना घेऊन कोण येतं?"

"शिपाई. रांगेनं आणतात."

"आणि एखाद्याला यायचं नसेल तर?"

आमोस हातातल्या यादीकडे बघू लागला. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

आत कुठंतरी थाळ्या आपटल्याचा आवाज झाला. कुणीतरी ओरडलं, "ए, उभा राहा!" आणि आवाज थांबला.

"वेळ झाली, बाई," दारातून घुगे म्हणाले.

मार्थाबाई काठी टेकत उठल्या. दोनदा प्रयत्न करावा लागला. मग यादीवर बोट ठेवून म्हणाल्या,

"लिही. नवनाथ."

"पण तो येणार नाही, बाई!"

"नाही येणार."

"पुढच्या मंगळवारीही नाही."

"बहुतेक नाही."

"मग आपण यायचं तरी कशासाठी?"

बाई दाराशी थांबल्या.

"आत त्याला सगळ्यांचंच ऐकावं लागतं, आमोस… 'नाही' म्हणायला तरी त्याच्याकडे कुणीतरी यायला हवं."