पाण्याच्या मागून

“...पण आबा, सगळ्यांच्या पुढं राहायचं कसं, तेवढं सांगा की.”

शर्वरीने हे तिसऱ्यांदा विचारलं. तुळशीराम आबा पाटाच्या काठावर उकिडवे बसून फावड्याच्या दांड्यात पाचर ठोकत होते. ठोकणं काही थांबलं नाही.

“कुणाच्या पुढं, माय?”

“माझ्या हाताखाली चाळीस माणसं असतील. पाच जिल्हे. हवामान बदलाचं काम आहे, आबा. पाऊस बेभरवशाचा झालाय, उन्हाळे लांबलेत. त्यात गावांनी तग कसा धरायचा, ते मी बघायचं. प्रमुख म्हणून नेमलंय मला. एक तारखेला रुजू व्हायचंय.”

“पाच जिल्हे...”

“हो.”

“मग चपला चांगल्या घे.”

शर्वरीला हसू आलं नाही. तिच्या सरांनी सांगितलं होतं, खानदेशात एक पाटकरी आहेत. एका बंधाऱ्याचं पाणी चाळीस वर्षं वाटतायत आणि आजवर कुणाशी भांडण नाही. रुजू होण्याआधी त्यांना भेटून ये. म्हणून ती एवढ्या लांब आली होती, आणि म्हातारबाबा चपलांबद्दल बोलत होते.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. ऊन मऊ पडलेलं. बंधाऱ्याच्या या पाळीचा शेवटचा दिवस. वरच्या सगळ्या शेतांची भरणी झाली होती. राहिलं होतं एकच शेत, पाटाच्या अगदी टोकाचं, सकूबाईचं. एकवीस दिवसांचा गहू उभा होता तिथे. आज पाणी लागलं तर फुटवा धरणार. नाही लागलं तर काडी काडी राहणार. आणि दिवस मावळला की बंधाऱ्याचं दार पडणार. उद्यापासून पाणी दुसऱ्यांचं. पुन्हा पाळी यायची ती पंधरा दिवसांनी.

आबा उठले. वरच्या शेताची वाट त्यांनी मातीने बंद केली आणि कोरड्या पाटाचं तोंड मोकळं केलं.

पाणी निघालं.

शर्वरीने आयुष्यात पुष्कळ पाणी पाहिलं होतं. धरणं पाहिली होती, परदेशातल्या नद्या पाहिल्या होत्या. पण पाण्याचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. कोरड्या पाटातून ते सरपटत निघालं. पुढे मातकट फेस, फेसावर काटक्या, वाळकी पानं, तरंगणारे किडे. भेग आली की थांबायचं. भेग भरायची. मग पुढचं पाऊल. पाटातल्या मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून काठावर चढत होत्या. साळुंक्या खाली उतरल्या. दोन बगळे आले आणि पाण्याच्या तोंडाबरोबर, पाहुण्यांना आणायला निघाल्यासारखे, पावलं टाकत चालू लागले.

ती बघतच राहिली.

“हे रोज असं येतं?”

“रोज नवीनच येतं,” आबा म्हणाले.

तिने पिशवीतली बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. सकाळपासून त्यांनी घोटभरही घेतलेलं तिने पाहिलं नव्हतं.

“मागून,” आबा म्हणाले.

मग ती एकटीच प्याली.

अर्धा तास ती त्यांच्याबरोबर चालली. पाणी सावकाश, आबा त्याहून सावकाश. खांद्यावर फावडं आणि नजर काठावर. शर्वरीचा जीव कासावीस झाला. तिने फोन काढला, पाटाची लांबी घातली, उतार घातला, माती कसली ते घातलं.

“आबा, तीन वाजून वीस मिनिटांनी पाणी टोकाला पोचतंय.”

“बरं.”

“मी पुढं जाते. सकूबाईंना सांगते, तयारीत राहा म्हणून. पुढं कुणीतरी हवंच ना?”

“पुढं पाणी आहे की.”

पण ती निघाली होती.

कोरड्या पाटाच्या काठाने चालायला छान वाटत होतं. मोकळा रस्ता, मागे पाणी, पुढे आपण. एका ठिकाणी काठाला एक भोक दिसलं, मुठीएवढं, आणि भोकाच्या तोंडाशी तांबूस खेकडा. तिने वाकून त्याचा फोटो घेतला. फार सुरेख आला.

टोकाच्या शेतात सकूबाई बांधावर बसली होती. साठीची बाई, डोक्यावर पदर, शेजारी दोन पितळी तांबे झाकून ठेवलेले. शर्वरीने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं, वेळ सांगितली.

“तीन वीस? ही तर आगगाडीच झाली गं बाई!” सकूबाई हसली. “बस. उन्हाची आलीस. पाणी पी.”

“आहे माझ्याकडे.” शर्वरीने बाटलीचं झाकण उघडलं. “आबांना देत होते, तर मागून म्हणाले.”

“तो नाही प्यायचा. माझा आज गुरुवार, त्याचा पाण्याचा नेम. पाळीच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या सरीला पाणी लागेस्तोवर घोट घेत नाही तो. चाळीस वर्षं झाली.”

“आणि पाणी उशिरा पोचलं तर?”

“तर तो उशिरा पितो.”

“आणि... पोचलंच नाही तर?”

सकूबाईने तांब्यांवरची झाकणं नीट केली.

शर्वरीने बाटलीचं झाकण परत लावलं.

तीन वीस झाले. पाट कोरडा. साडेतीन झाले. गव्हाच्या पाती कडेला पिवळ्या पडलेल्या, सरीतल्या भेगांत बोट जाईल एवढी फट.

“तुझ्या फोनातलं पाणी आलं का गं?” सकूबाईने विचारलं. आवाजात हसू होतं, पण नजर सूर्यावर होती.

चार वाजले. सकूबाई उभी राहिली. आता ती हसत नव्हती.

शर्वरी उलट्या दिशेने पळत सुटली.

पाट कोरडा... कोरडा... वळणापलीकडेही कोरडाच. मग खळखळ ऐकू आली. पाण्याचा आवाज होता, पण पाटातून येत नव्हता. खालच्या ओहोळातून येत होता.

आणि तिने आबांना पाहिलं.

काठाला भगदाड पडलं होतं. भगदाडात आबा बसले होते. पाठ लावून, पाय रोवून, दोन्ही हात कडेच्या मातीत रुतवून. पाणी त्यांच्या बगलांतून, मानेवरून उसळत होतं आणि निम्मंअधिक ओहोळात पडत होतं. फावडं चार हातांवर पडलेलं. उठले असते तर फावडं मिळालं असतं. उठले असते तर सगळा काठ गेला असता.

ती जागा तिने ओळखली. खेकड्याची जागा होती.

“आबा! हे भोक... हे मी पाहिलं होतं. येताना पाहिलं होतं मी.”

“पाहिलं असशील.”

“तेव्हा एवढंसं होतं!”

“कोरड्या पाटात ते एवढंसंच असतं, माय.”

“हाक का नाही मारलीत?”

“मारली की. तीनदा.” आबांचे ओठ काळेनिळे पडले होते. “पुढं गेलेल्याला मागची हाक ऐकू येत नाही.”

शर्वरीला रडू फुटलं. “आता काय करू? सांगा, काय करू?”

“बस.”

तिने चपला काढल्या. फोन गवतावर ठेवला. आबा तसूतसूने सरकले आणि त्यांच्या जागी ती पाठ लावून बसली. थंडगार पाणी पाठीवर येऊन आदळलं तेव्हा तिचा श्वासच अडकला. केवढं ते बळ! हेच पाणी मघाशी एकेका भेगेपाशी थांबत होतं.

आबांनी फावडं उचललं. हरळीची गवताळ ढेकळं कापून ते तिच्या दोन्ही बाजूंना, मग कमरेमागे दाबत गेले. एक ढेकूळ, एक लाथ. एक ढेकूळ, एक लाथ.

काही वेळाने पाठीवरचा जोर मवाळ झाला. पाणी तिला ढकलेनासं झालं. ते तिच्या पाठीला नुसतं टेकलं, देवळातल्या गर्दीत एखादी म्हातारी टेकते तसं... आणि मग वळलं. पाटात शिरलं. पुढे निघालं.

तिला ते जाताना दिसत नव्हतं. तिची पाठ त्याच्याकडे होती. पण जाताना कळत होतं.

तिने हात जोडलेले आबांनी पाहिले. कुणाला जोडले, ते त्यांनी विचारलं नाही.

“ऊठ आता. हळू.”

मग दोघंही पाण्याच्या मागून चालली. फावडं तिच्या खांद्यावर होतं. तिची नजर काठावर होती. तीन ठिकाणी तिला भोकं दिसली, तिन्ही ठिकाणी ती थांबली, चिखल दाबला, पुढे झाली. घसा सुकला होता. बाटली पिशवीत होती. तिने हात लावला नाही.

बगळे परत आले होते. पाणी आता उन्हात तांब्यासारखं दिसत होतं.

वळणावरून शेत दिसलं. सकूबाई पाटाच्या टोकाशी उभी होती. सकाळच्या पूजेतलं हळदकुंकू पदराच्या टोकाला बांधून तिने आणलं होतं. पाणी तिच्या पायाशी आलं तशी ती वाकली, पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि बांध फोडून वाट दिली.

पहिली सरी. दुसरी. माती चुरचुरू लागली. भेगांतून बुडबुडे वर येत होते, जणू जमीन किती दिवसांचा धरलेला श्वास सोडत होती. शर्वरीला वाटलं, हा आवाज एवढ्या मोठ्या जगात आपण तिघांनीच ऐकला.

पाणी शेवटच्या सरीच्या शेवटच्या कोपऱ्याला लागलं, तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता. वर कुठेतरी बंधाऱ्याचं दार पडल्याचा आवाज आला.

शर्वरीने फावडं बांधाला टेकवलं.

सकूबाईने एक तांब्या आबांच्या हातात दिला. दुसरा शर्वरीच्या. “पी गं लेकी. सोड उपास. तुझाही घडलाच की आज.”

आबांनी डोळे मिटले, तांब्या कपाळाला लावला आणि घटाघटा प्याले. पाणी त्यांच्या पांढऱ्या मिशांवरून ओघळलं.

शर्वरीने तांब्या ओठांपर्यंत नेला. मग थांबली.

“आबा, मी उगाच पुढं गेले. ते कळलं. पण मग एक तारखेला मी जाऊ का नको? ती जागा घेऊ का नको?”

आबांनी रिकामा तांब्या बांधावर पालथा ठेवला. शेताच्या पलीकडे बघत राहिले. पलीकडे पाट नव्हता. नुसता माळ होता, आणि माळाच्या पार, संध्याकाळच्या धुरात, दुसऱ्या कुठल्यातरी गावाची झाडं.

“मी प्यालो, माय,” ते म्हणाले. “माझा पाट इथं संपतो.”

...

त्यांनी तिच्या हातातल्या भरल्या तांब्याकडे पाहिलं. “तुझा कुठं संपतो?”