धनेशाची ढोली

पाहुणेमंडळी, देवराईतला हा बेहडा बघा. वर ती ढोली दिसते ना, तिला धनेशाची, म्हणजे त्या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची, ढोली म्हणतात. होळीपासून पाऊस लागेपर्यंत या झाडाखाली कुणी मोठ्यानं बोलत नाही.

ठासणीच्या बंदुकांच्या काळात इथं धाकू नावाचा शिकारी होता. पिल्लांची आई मारायची नाही, असा त्याचा नेम होता म्हणे. वानरीच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं दिसलं, डुकरिणीमागं पिल्लांची रांग दिसली, की तो बंदूक खाली करी.

एका चैत्रात त्याची बायको सुंदरा बाळंत झाली आणि तिची कंबर धरली. वैदूनं धनेशाची चरबी चोळायला सांगितली. धाकू राईत आला. एक धनेश एकटाच या बेहड्याकडे उडत येत होता. सोबत मादी नाही, पिल्लू नाही. धाकूनं बार काढला. पक्षी पडला तशी त्याच्या चोचीतून उंबरं घरंगळली. एक-दोन नव्हे, चांगली वीस-पंचवीस.

बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी सुंदराला पेज देताना धाकू हे सहज बोलून गेला. तिची वाटी ओठांशीच थांबली.

“अहो, स्वतः न खाता कुणासाठी नेत होता तो?”

धाकू उठला तो धावतच सुटला. बेहड्यावर चढून बघतो तर ढोलीचं तोंड लिंपलेलं, मधे बोटभर फट. त्यानं कोयत्यानं लिंपण फोडलं. अंडी घालताना धनेशाची मादी स्वतःला असं कोंडून घेते, पिसं गाळते आणि नर तिला फटीतून भरवतो, हे त्या शिकाऱ्याला ठाऊक नव्हतं. मादी मेलेली होती. तिच्या पंखाखाली दोन पिल्लं; एकाच्या अंगात अजून धग होती.

त्यानं उंबर चावून मऊ केलं, पिल्लाच्या चोचीशी धरलं. पिल्लानं चोच उघडली नाही. तिन्हीसांजेला तेही गेलं.

“मी आई नाही गं मारली,” घरी येऊन तो म्हणाला, असं सांगतात.

“नाही,” सुंदरा म्हणाली. “तिला भरवणारा मारलात.”

उरलेली चरबी तिनं अंगाला लावू दिली नाही. धाकूनं बंदूक मोडली. पुढं दर चैत्रात तो बेहड्याखाली उंबरं ठेवी. पण त्याच्या हयातीत धनेश इथं फिरकला नाही.

आजही आमच्या गावात बाळंतिणीला बारा दिवस पहिला घास नवराच भरवतो. परगावचे जावई लाजतात, हसतात. मग घरातलं एखादं म्हातारं माणूस त्यांना इथवर घेऊन येतं आणि नुसतं वर बोट दाखवतं.