कड्यावरचे चोवीस दगड

लहानग्यांनो, आणि लहानग्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा राज्यं होती, राजेही होते, पण या वाडीपर्यंत त्यांची वाट पोचत नव्हती.

वाडीच्या डोक्यावर एक काळा, उभा कडा होता. त्याच्या कपारींत आग्या मोहोळं लागत. चैत्रात जांभळी फुलल्या की वाडीतला एखादा धीराचा माणूस दोराला लटकून कड्याखाली उतरे, धुरानं माश्या उठवी आणि मध काढून आणी. तो मध देऊनच वाडीत मीठ येई, कापड येई, पावसाळ्यापुरतं धान्य येई.

उतरायचे दोन नियम होते. पहिला असा, की दोर धरायचा तो उतरणाऱ्याच्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, आणि एकट्यानं. दहा हातांत दोर दिला की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं धरलाय. पण आपल्या बहिणीचं कुंकू कोणता भाऊ हातून सोडेल?

दुसरा नियम मापाचा. वाडीतल्या वडाला एक आडवा वासा टांगलेला असे. त्याच्या एका टोकाला फळीवर माणूस बसायचा, दुसऱ्या टोकाला पोतं. वासा सरळ होईपर्यंत पोत्यात मुठीएवढे दगड टाकायचे. मग ते पोतं दोराला बांधून कड्यावरून सोडायचं आणि मेहुण्यानं ते धरून बघायचं. हातांना माप कळलं की मगच माणूस उतरायचा. पोतं ज्याचं त्यानं भरायचं. त्यात कोणी डोकावत नसे. आपल्याच जिवाशी कोण खोटं बोलेल?

या वाडीत एक म्हातारा होता. तरणेपणी त्याच्यासारखा कडा उतरणारा दुसरा नव्हता. पुढे खालच्या दरीतल्या झाडांवरच मोहोळं लागू लागली, आणि हाताशी मध असताना कड्यावर कोण मरायला जाईल? पंधरा वर्षं कोणी उतरलं नाही. म्हातारा ओट्यावर बसला तो बसलाच. ताटातलं टाकू नये म्हणून स्वतःचं संपवायचा, नातवंडांनी टाकलेलंही संपवायचा, आणि वर गुळाचा खडा तोंडात टाकायचा. पोट पुढे येत गेलं. कोणी हसलं तर म्हणायचा, "खात्यापित्या घरचं अंग आहे हे!"

एका उन्हाळ्यात दरीत वणवा शिरला. झाडं जळाली आणि माश्या पुन्हा कड्यावर गेल्या.

म्हाताऱ्याचा मुलगा तिशीतला, अंगानं काटक. तो म्हणाला, "आबा, येत्या चैत्रात मी उतरतो."

 कड्याची विद्या ओट्यावर बसून सांगता येत नाही. कोणती कपार पाय धरते आणि कोणती फसवते, हे बापानं शेजारच्या दोरावर लटकून, बोट लावून दाखवायचं असतं. न शिकता उतरलेले दोन जण कड्याच्या पायथ्याशी पुरलेले होते. त्यातला एक म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ. ही विद्या मुलाला दहा वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती, हे म्हातारा जाणून होता. पण दर वर्षी तो म्हणायचा, बघू पुढच्या साली.

"मी बरोबर उतरतो," तो म्हणाला.

मापाचा दिवस आला. सगळी वाडी वडाखाली जमली. म्हाताऱ्यानं त्या फळीकडे पाहिलं आणि तो जागीच थांबला. सुनेसमोर, तरण्या पोरांसमोर तिथे बसायचं, आणि दगडावर दगड पडत राहिले तरी वासा हलत नाही हे बघायचं! त्याला ते सोसवेना. तो घरात गेला आणि माळ्यावरचं जुनं पोतं काढून घेऊन आला. पंधरा वर्षांपूर्वीचं, तसंच शिवलेलं.

"हेच माझं माप," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं पोत्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, एकदा फळीवर बसा तरी."

"माझं वजन मला कळत नाही?"

ती पदर सावरून मागे सरली. वयाचा मान म्हणून बाकीच्यांनीही हट्ट धरला नाही. कड्यावर म्हाताऱ्याच्या मेहुण्यानं पोतं दोरावर धरून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, "या दाजी."

म्हातारा दोन माणसांच्या उंचीएवढा खाली गेला असेल नसेल, दोर निसटू लागला. मेहुण्याचे हात जुन्या मापाला तयार होते; आले ते त्याहून कितीतरी जड. वरचा खडक घोटीव होता, टाचेला कुठे आधार नाही. तो ओढला गेला, छातीवर पडला, घसरत काठापर्यंत आला. दोर त्याच्या तळव्यांतून सरसरत गेला आणि कातडं घेऊन गेला. पण त्यानं दोर सोडला नाही. मुलगा आणि चार जण धावले, नियम बाजूला ठेवून त्यांनी दोर धरला आणि म्हाताऱ्याला वर ओढलं.

म्हातारा जिवंत होता, एक ओरखडाही नव्हता. मेहुण्याच्या हातांकडे मात्र बघवत नव्हतं.

 बायकोनं भावाच्या हातांवर हळद-तेलाच्या पट्ट्या बांधल्या. त्या बांधताना तिनं नवऱ्याकडे एकदाही वर पाहिलं नाही. म्हाताऱ्याला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या वर्षी मध आला नाही. वाडीनं उसन्या धान्यावर आणि रानातल्या कंदांवर दिवस काढले. पंचांनी सांगितलं, "पुढल्या चैत्रात मुलगा उतरेल. बाप बरोबर असो वा नसो."

म्हाताऱ्यानं त्याच रात्री अन्न सोडलं. नुसत्या पाण्यावर नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी विहिरीच्या वाटेवर भोवळ येऊन पडला. घरी आणल्यावर चार माणसांचं जेवला आणि ताटावर बसूनच रडला. म्हणाला, "माझ्यानं नाही व्हायचं. हे वय आहे का आता?"

ज्येष्ठात मेहुणा आला. पट्ट्या सुटल्या होत्या, जखमा भरल्या होत्या, पण बोटं पुरती मिटत नव्हती. तो म्हाताऱ्याला हाताला धरून वडाखाली घेऊन गेला.

"बसा दाजी फळीवर."

म्हातारा बसला. मेहुण्यानं एकेक दगड टाकत पोतं भरलं. या वेळी खरं. मग ते पोतं दोराला बांधून धरलं, तर त्याचे हात थरथरले. त्यानं एक दगड काढला, पुन्हा धरलं. दुसरा काढला. असे काढत काढत हातांची थरथर थांबली, तेव्हा जमिनीवर चोवीस दगड होते.

"आता माझ्या हातांत इतकंच बळ आहे," तो म्हणाला. "एवढे चोवीस तुमच्या अंगावरून उतरायला हवेत." आणि त्यानं ते दगड पुन्हा पोत्यात टाकले.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "पाहुणे, उपास करून पाहिला मी."

"ओल्या वाखाच्या धाग्यांना घाईनं पीळ दिला की दोर आतून तुटतो दाजी, वरून दिसतही नाही. थेंबाथेंबानं साचलेलं तळं थेंबाथेंबानंच आटवावं लागतं. तीन भाकऱ्या खाता ना? आजपासून पावणेतीन. पोरांचं उष्टं गाईला. रोज कड्याच्या वाटेनं पहिल्या वळणापर्यंत जायचं नि परत यायचं. दर पंधरवड्याला या फळीवर बसायचं. दगड निघाला, तर तो स्वतः वर न्यायचा आणि मी दोर धरतो तिथे ठेवायचा."

"तो कशाला?"

"ठेवा तर खरं."

पहिल्या पंधरवड्याला दोन दगड निघाले. म्हातारा ते कमरेला बांधून निघाला. पहिल्या वळणावर बसला, दुसऱ्यावर बसला, तिसऱ्यावर तर आडवाच झाला. वर पोचायला दुपार झाली. पण त्यानं दगड ठेवले आणि कड्याखाली गुणगुणणाऱ्या माश्या पुष्कळ वेळ ऐकल्या.

श्रावणापर्यंत असं चाललं, कधी एक दगड तर कधी दोन. मग पाऊस मुरला आणि दगडही जणू पोत्यात रुतले. एक पंधरवडा गेला, वासा हलला नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. खाणं तेच, चालणं तेच, आणि फळ काही नाही. म्हातारा फळीवरून उठून मेहुण्याला म्हणाला, "झालं. एवढंच होतं माझ्या नशिबात."

 मेहुण्यानं आपले दोन्ही हात पुढे केले आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती ज्येष्ठात होती त्याहून जराशी जास्त मिटली.

"मी रोज सकाळी ओल्या मातीचा गोळा दाबतो," तो म्हणाला. "तीन महिने बोटं हलली नाहीत. परवा हलली."

म्हातारा दुसऱ्या दिवशी पहाटेच चालायला गेला. पुढच्या मापाला वासा हलला.

नव्या पिकाचा सण आला. घरोघरी गूळ-तांदूळ शिजला, आग्रह झाला, आणि म्हातारा पाघळला. त्या पंधरवड्याला तो फळीवर बसला तर वासा त्याच्या बाजूनं खाली. पोत्यात एक दगड परत टाकायला हवा होता, आणि तो दगड होता वर कड्यावर.

शेजारी म्हणाला, "अहो, इथलाच कोणताही टाका की! कोण बघतंय?"

"मागच्या खेपेलाही कोणी बघत नव्हतं," म्हातारा म्हणाला. "पाहुण्यांच्या हातांनी बघितलं."

तो वर गेला, ठेवलेला दगड उचलून खाली आणला आणि सगळ्यांसमोर पोत्यात टाकला. मान शरमेनं खाली होती. पण घरी येऊन ओट्यावर टेकल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की जाताना आपण तिसऱ्या वळणावर बसलोच नाही. दुसऱ्यावरही नाही. त्यानं बायकोला हाक मारून हे सांगितलं. तिनं कित्येक महिन्यांनी त्याच्याकडे नीट वर पाहिलं आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे. मी दारातून बघत होते."

चैत्र उजाडला. जांभळी फुलल्या. सगळी वाडी पुन्हा वडाखाली जमली. म्हातारा कोणी सांगायच्या आत फळीवर जाऊन बसला. वासा सरळ झाला, तेव्हा बावीस दगड कड्यावर होते आणि दोन पोत्यातच उरले होते.

म्हातारा उभा राहिला. "ऐका सगळे. माझं माप पुरं झालेलं नाही. मी दोन दगड जास्त आहे. ते दोन पोत्यात ठेवूनच पोतं सोडा. पाहुण्यांच्या हातांना पेललं तर उतरेन, नाही तर पंधरा दिवस थांबेन."

कड्यावर पोचल्यावर मेहुणा आपल्या जागी बसला. ते बावीस दगड त्यानं वर्षभरात खडकाच्या भेगेत ठोकून, चिखलानं सांधून एका रांगेत बसवले होते. जिथे गेल्या साली टाच घसरली होती, तिथे आता बुटका बांध उभा होता. त्यानं दोन्ही टाचा त्या बांधाला रोवल्या आणि पोतं सोडलं. दोर ताणला गेला. हात हलले नाहीत, माणूसही जागचा हलला नाही.

"ते दोन माझ्या टाचांनी उचलले," तो म्हणाला. "या दाजी."

बाप आणि मुलगा दोन दोरांवर शेजारी शेजारी उतरले. मुलाचा दोर त्याच्या स्वतःच्या मेहुण्याच्या हाती होता. म्हाताऱ्यानं एकेक कपार बोट लावून दाखवली. पोळ्याचा मधाचा भाग कुठवर कापायचा आणि माश्यांच्या पिलांसाठी कुठे थांबायचं, तेही दाखवलं. मग एका रुंद, छान दिसणाऱ्या कपारीपाशी तो थांबला. मुलगा तिच्यावर पाय टाकणारच होता.

"नको! आतून पोकळ आहे ती," म्हातारा म्हणाला. "तुझा काका इथूनच गेला."

मुलानं पाय मागे घेतला. म्हाताऱ्यानं हातातल्या काठीनं कपारीला नुसतं ढोसलं. मोठी ढलपी सुटली आणि खूप वेळानं खालून आवाज आला.

दोघं मध घेऊन वर आले. म्हातारा दोर सोडवून सगळ्यात आधी मेहुण्यापाशी गेला. त्यानं त्याचे दोन्ही तळवे उघडून पाहिले. त्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मग त्याची नजर त्या टाचांकडे गेली, आणि त्यांच्यापुढच्या दगडांकडे. आपल्या अंगावरून उतरलेला एकेक दगड त्यानं ओळखला. ज्या ओझ्यानं या माणसाचे हात सोलले होते, त्याच ओझ्यानं आज त्याचे पाय धरून ठेवले होते. म्हाताऱ्यानं ते हात आपल्या कपाळाला लावले आणि लहान मुलासारखा रडला.

उरलेले दोन दगड त्यानं पुढच्या दोन महिन्यांत वर नेले. त्यानंतरही तो दर पंधरवड्याला फळीवर बसत राहिला, शेवटपर्यंत. वाडीनंही एक नियम वाढवला: माप कितीही निघो, ते उतरणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं.

तात्पर्य: घाईनं टाकलेलं ओझं परत येतं, लपवलेलं ओझं आपल्या माणसाच्या हातांवर पडतं, खरं माप घेऊन थोडं थोडं उतरवलेलं ओझंच कायमचं उतरतं.