तो एक माणूस कोण?

एका राज्यात थोडक्या कमाईवर कर नसे. भिवरा वाती वळून जेमतेम मिठापुरतं कमवायची, तिच्या तांबट नवऱ्याचं मात्र बरं चाललं होतं. दिवाणजींनी दोघांची कमाई एकत्र धरून जबर कर लावला. तो भरला नाही तर नवऱ्याची ऐरण जप्त होणार होती. भिवरा दाद मागायला राजाच्या दरबारात गेली.

“नवरा-बायको म्हणजे एकच माणूस,” दिवाणजी गुरकावले. “तुला वेगळी सूट कसली?”

“मान्य आहे,” भिवरा म्हणाली. “तो एक माणूस मी. माझ्या कमाईवर कर बसत नाही.”

“आणि तुझा नवरा?”

“ते वेगळे आहेत कुठे, दिवाणजी?”

राजाला हसू आवरेना. त्या दिवसापासून त्या राज्यातली जोडपी करापुरती दोन झाली.