ओढ्याकाठी अडून बसलेली थंडी

एकदा काय झालं, थंडी आली ती परत जायचं नावच घेईना. सरका रे जरा, आणि बाब्या, गोधडी एकट्यानं ओढू नकोस.

तर मोठ्या जंगलाच्या कडेला एक गाव होतं. त्या गावात 'जाते' असं कुणी म्हणत नसे. पाण्याला निघालेली बाईसुद्धा म्हणायची, "येते हं." घरातून उत्तर यायचं, "ये." आपणही म्हणतोच की. पण तिथं 'ये' ऐकल्याशिवाय कुणी पाऊलच उचलत नसे, बरं का.

गावातलं शेवटचं घर भिवराचं. एकटी राहायची बिचारी. एकदा तिला ओढ्यात हरणाचं पाडस सापडलं, आईवेगळं. तिनं त्याला शेळीचं दूध पाजलं, चुलीपाशी निजवलं, ठिपकी असं नाव ठेवलं. ठिपकी मोठी झाली, पण खोड्या काही गेल्या नाहीत. एक दिवस तिनं भिवराचा वालाचा वेल फस्त केला. भिवराचं डोकं फिरलं. "जा मेले, पुन्हा तोंड दाखवू नकोस!" असं तिच्या तोंडून निघून गेलं. ठिपकीनं मान वळवून एकदा पाहिलं, आणि ती जंगलात गेली ती गेलीच.

मग भिवराला घर खायला उठलं. दूध काढायची, ते भांड्यात तसंच राहायचं. वेल पुन्हा फुटला, त्याला शेंगा लागल्या, पण तिला एक शेंग तोडवेना. दार लावून आत बसायची नुसती.

अशात थंडी आली. थंडी म्हणजे पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी होती बरं का. दरवर्षी यायची, निघताना शेवटच्या घरापाशी थांबून "येते हं" म्हणायची, आणि भिवरा आतून "ये गं बाई" म्हणायची. यंदाही निघताना ती तसंच म्हणाली, पण भिवराचं लक्षच नव्हतं. म्हातारी पुन्हा म्हणाली, "येते हं." आतून हूं नाही की चूं नाही. मग ती जाऊन ओढ्याकाठच्या दगडावर बसून राहिली.

आणि मग काय गारठलं म्हणता! दव गोठून पानांवर खडीसाखरेसारखं बसलं. ओढ्याचं पाणी घट्ट झालं. गवत करपून काळं पडलं. मोरांची पिसं आखडली, माकडं एकमेकांच्या कुशीत शिरली, सांबरं खुरांनी बर्फ फोडायला बघायची. आणि हरणं झाडांच्या साली चघळत कुडकुडत उभी असायची. काही खाली बसली, ती पुन्हा उठली नाहीत. गावकऱ्यांनी ढोल बडवले, "जा, जा" म्हणून बोंब ठोकली. तशी थंडी पदर आवळून आणखीच घट्ट बसली. पाहुण्याला हाकलून कुठं निरोप होतो का?

"माझी ठिपकी कुठं असेल?" भिवराला दुसरं काही सुचेना. चुलीपाशी निजलेली ती, तिला हे कसं सोसवेल? मग ती कडबा घेऊन जंगलात गेली. तो सांबरांनी खाल्ला, पण ठिपकी दिसली नाही. मग कोमट पाण्याची घागर घेऊन गेली. मोर प्याले, ससे प्याले, ठिपकी दिसली नाही. मग पदरात वालाच्या शेंगा घेऊन गेली. हाका मारमारून तिचा घसा बसला. आणि ओढ्याकाठी तिला ती म्हातारी दिसली.

"आजे, इथं गारठ्यात काय करतेस?"

"काय करणार? येते म्हणाले, तुझ्या घरातून 'ये' आलं नाही. बिननिरोपाची कशी निघू? माझेही पाय गोठले गं बसून बसून."

तेव्हा कुठं भिवराला उमगलं. म्हणजे हे सगळं तिच्यामुळं! पण 'ये' म्हणावं तर ही पुढच्या वर्षी पुन्हा यायची, हरणं पुन्हा कुडकुडायची. आणि न म्हणावं तर ठिपकीचं काय? तिनं डोळे पुसले.

"ये बाई," ती म्हणाली, "पण जरा बेतानं ये."

म्हातारी हसली, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि डोंगरापलीकडे चालती झाली.

मग ऊन पडलं. बर्फ तडकला, पाणी वाहायला लागलं. झाडांतून हरणांचा कळप आला, बरगड्या वर आलेला. सगळ्यांच्या अंगावर तसेच ठिपके, आता ओळखायचं कसं? भिवराला बघून सगळी बुजून मागे सरली. एक तेवढी सरली नाही.

"चल घरी" असं भिवराच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला ठिपकीच्या पोटाशी एवढंसं पाडस दिसलं, एवढ्या थंडीतून वाचलेलं. भिवरानं शब्द गिळले. शेंगा दगडावर ओतल्या आणि बाजूला होऊन उभी राहिली. ठिपकी आली, शेंगा खाल्ल्या, मग भिवराच्या तळहातात नाक खुपसून उभी राहिली. भिवराला हुंदका आवरेना. पाडस कळपाकडे पळालं, तशी ठिपकीही त्याच्यामागे गेली.

त्या वर्षापासून भिवरानं ओढ्याच्या काठानं वालच वाल लावला, आणि कुंपण काही घातलं नाही. हरणं सुखात राहिली, गाव सुखात राहिलं, भिवराही राहिली. संध्याकाळी चूल पेटवली की तिची नजर शेजारच्या रिकाम्या जागेवर जायची, एवढंच. मिटा आता डोळे.